केतकी राणी आणि गोठलेली जमीन

एक होता राजा, तुषारसेन. लांब उत्तरेला, जिथे उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि टेकायच्या आत उठतो, तिथे त्याचं गोठणपूर होतं. तिथली जमीन आतून कायमची गोठलेली, बरं का. उन्हाळ्यात वरची हातभर माती भिजायची, शेवाळ हिरवं व्हायचं, हरणं चरायची. पण खाली फावडं मारलं की टण्ण! सगळी घरं उंच खांबांवर, आणि खालून वारा मोकळा. असं का, ते कुणी विचारायचं नाही. आजे-पणजे तसंच बांधत आले होते.

मग राजानं लग्न केलं. केतकी राणी आली उबदार देशातून. हिवाळ्यात तिनं पाहिलं, घरोघरी मुलं पाय आखडून बसलेली. तिचा जीव कळवळला. तिनं घरांखाली चारी बाजूंनी फळ्या ठोकून घेतल्या. वारा अडला. घरं उबली. लोकांनी राणीला तोंड भरून दुवा दिला.

पण उन्हाळा आला आणि दारं अडकायला लागली. मग ताटं घरंगळायला लागली. मग घरंच कलली. खांबांखालची जमीन लापशीसारखी झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, माझा पलंग रोज सकाळी नदीकडे निघालेला असतो. त्याला माहेरची आठवण येते का?"

राजानं सांगून टाकलं, जमीन सावरली नाही तर गाव सोडावं लागेल.

मग राणीनं खांबांखाली दगड घातले. चिखलानं दगड गिळले. मग तिला वाटलं, चिखल आहे तर वाळवू या. तिच्या माहेरी तसंच करायचे. घरांखाली शेकोट्या पेटवल्या, तर खाली तळंच झालं!

मग ती गावभर हिंडली. सगळी घरं वाकडी, एकट्या ढेपाजीचं तेवढं ताठ. हा ढेपाजी महाआळशी.

"रागावू नका, राणीसाहेब," तो म्हणाला. "फळ्या उद्या ठोकतो म्हणत होतो. उद्या काही उजाडला नाही."

राणी वाकून घराखाली गेली. वारा मोकळा वाहत होता. तिनं फावडं मारलं. टण्ण!

राणी चावडीवर आली. "जमीन पाण्यानं नाही, आपल्या उबेनं खचली," ती म्हणाली. "वारा अडला, घरांची ऊब खाली साठली आणि गोठलेली माती वितळली. फळ्या मीच ठोकायला लावल्या. पहिली मीच काढते."

लोक कुरकुरले, पण राणीच्या हातात पहार बघून गप्प झाले. फळ्या निघाल्या. घरं दोरांनी ओढून ताठ केली, ताणून बांधली. मग हिवाळा आला. वारा घराखालून घोंघावत गेला. मुलांनी लोकरीचे मोजे चढवले, कुत्र्यांना पांघरुणात घेतलं आणि थंडी काढली.

पुढचा अख्खा उन्हाळा गेला. मग राजानं दोर सोडायला सांगितले. एक दोर सुटला, दुसरा सुटला, शेवटचा सुटला. एकही घर हललं नाही! सासूबाईंनी काठोकाठ दुधाची वाटी घरातल्या जमिनीवर ठेवली. थेंब सांडला नाही. मग त्यांनी ती वाटी सुनेच्या ओठांना लावली. ढोल वाजले, राणीला खांद्यावर घेऊन लोक गावभर नाचले.

गाव तिथेच राहिलं, सगळे आनंदात नांदले. चला, पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा बघू.