चाळिसांतली पहिली

“दहा हजारांत चाळीस, बाबा. फक्त चाळीस. याला चूक म्हणायचं का?”

हमीदबाबा रांजणात पाणी ओतत होते. कळशी रिकामी करून त्यांनी ती पालथी ठेवली.

विचारणारी शाल्मली निगुडकर. जिल्ह्यातल्या रुग्णालयांना रक्त पोचवणाऱ्या एका संस्थेत कोणती गाडी कुठे उभी राहायची आणि कधी निघायची, हे ती ठरवत असे. हे काम ती हमीदबाबांकडेच शिकली होती. बाबा तेव्हा मालवाहतुकीच्या एका कचेरीत गाड्या रवाना करायचे. आता घाटाच्या पायथ्याशी एका तकियात, फकिरांच्या मठीत, राहत. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत.

ती सांत्वनासाठी आली नव्हती. संस्थेच्या बैठकीत सगळ्यांनी तिला निर्दोष ठरवलं होतं. तेच तिला बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“दाखव,” बाबा म्हणाले.

तिने कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. जिल्ह्याचा नकाशा आला. रक्त वेळेत पोचलं तर गावाचा ठिपका हिरवा होई, उशीर झाला तर लाल. तिने समजावून सांगितलं. गेल्या सहा वर्षांतले अपघात, बाळंतपणं, पाऊस, रस्त्यावरची गर्दी, सगळं संगणकाला दिलेलं. त्यावरून तो लटके दिवस रचतो आणि त्यांत गाड्या पळवतो. असे दहा हजार दिवस तिने पळवले होते.

पूर्वी एक गाडी थंड पेटीत रक्त ठेवून कायम डोंगरावर उभी असे. महिन्यातून तीन-चारदाच हलायची. खाली हमरस्त्यावर मात्र गाड्या पुरत नव्हत्या. शाल्मलीने ती गाडी खाली आणली. नकाशावरचा सपाटीचा लाल पट्टा हिरवा झाला. वर्षाला अकरा माणसं जास्त वाचणार होती. डोंगरावर रक्त आता घाटातून चढून जाणार होतं. दहा हजार दिवसांत चाळीसदा ते वेळेत पोचत नव्हतं.

सात महिने सुरळीत गेले.

मग एका दुपारी डोंगरावरच्या रुग्णालयात हौसा भांगरे बाळंत झाली. तेवीस वर्षांची. अंगावरून रक्त जायचं थांबेना. निरोप येताच गाडी आठ मिनिटांत निघाली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर टँकर आडवा पडला होता. यशवंत ड्रायव्हर पेटी खांद्यावर घेऊन टँकर ओलांडून चालत सुटला. पुढे एका मोटारसायकलवाल्याने त्याला वर नेलं.

तो पोचला तेव्हा एक तास पन्नास मिनिटं उशीर झाला होता.

मुलगी वाचली. हौसा गेली.

हे सगळं शाल्मलीने न अडखळता सांगितलं. बैठकीतही असंच सांगितलं होतं.

बाबांनी विचारलं, “दहा हजार दिवस म्हणजे किती वर्षं?”

“सत्तावीस... थोडी जास्त.”

“आणि हौसा चाळिसांतली पहिली.”

“हो.”

“म्हणजे अजून एकोणचाळीस आहेत.”

शाल्मलीची मान ताठ झाली. गाडी वर ठेवली असती तर खाली त्याहून कितीतरी जास्त गेले असते, असं ती म्हणाली. वर्षाला अकरा. ते कुणालाच का दिसत नाहीत?

“कोण ते अकरा?”

“त्यांची नावं नसतात, बाबा. ते वाचले. आपण वाचलो हे त्यांनाही ठाऊक नाही.”

बाबांनी मान डोलावली. मग नकाशातल्या घाटावर बोट ठेवलं.

“त्या दुपारचा दिवस आहे का यात?”

होता. बैठकीसाठी तिने तो तयार केला होता. घाटात टँकर, खालून निघालेली एक गाडी. तिने तो चालवून दाखवला. गाडीचा ठिपका तिसऱ्या वळणापर्यंत गेला आणि थांबला. डोंगरावरचा ठिपका लाल झाला.

“आता गाडी वर ठेव. आणि हाच दिवस पुन्हा चालव.”

शाल्मलीचा हात पुढे आला... आणि तिथेच राहिला.

दहा हजार दिवस तिने चालवले होते. हा एक चालवला नव्हता.

बाबांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

तिने गाडी वर ठेवली. बटण दाबलं. ठिपका डोंगरावरून निघाला, वाडीला वळसा घालून रुग्णालयाशी आला. बावीस मिनिटं. गाव हिरवं झालं. पडद्यावर दिवस पुढे सरकला. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. गाव हिरवंच.

शाल्मलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाबांनी तिला रडू दिलं. पाठीवर हातही ठेवला नाही.

पुष्कळ वेळाने ती म्हणाली, “उद्याच गाडी वर पाठवते.”

“नको.”

“...नको?”

“खाली अकरा आहेत. तू बरोबर ठरवलंस. मीही हेच ठरवलं असतं.”

तिला जे ऐकायचं होतं, ते ऐकून झालं होतं. त्याने काहीच हलकं झालं नाही.

मग तिने बैठकीत न सांगितलेली गोष्ट सांगितली. ती भांगऱ्यांच्या घरी जाऊन आली होती. हौसाचा नवरा सोमा ओसरीवर मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. संस्थेच्या बाई आल्या म्हणून त्याने उठून घोंगडी अंथरली. त्याला कुणाचाच राग नव्हता. टँकर पडला, त्याला तुम्ही तरी काय करणार, ताई, असं तोच तिला म्हणाला. यशवंत पेटी घेऊन धावला, त्याचे उपकार म्हणाला. वर उभी असायची ती गाडी कुठे गेली, हे त्याने विचारलं नाही.

तिने सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघाली.

“काय सांगू त्याला, बाबा? की मी चुकले नाही? की तुझी बायको गेली, पण माझं बरोबर होतं?”

बाबांनी लॅपटॉप मिटला आणि तिच्या हातात दिला.

“तेच सांग,” ते म्हणाले. “पण सांगून झाल्यावर लगेच उठू नकोस.”