अंतोबाचं प्रस्थान

नॉर्वेला जायचं तर सगळ्यात आधी काय लागतं, सांगा बरं? स्वेटर? तिकीट? अंतोबाला विचाराल तर तो भलतंच काही सांगेल.

हा अंतोबा एका गावातला पानमळेवाला, स्वभावानं अगदी भोळा. कुणी काही शिकवलं की तो ते गाठीला बांधून ठेवायचा, आणि गाठ सोडायचा नेमकी चुकीच्या ठिकाणी. त्याची मुलगी मंगल लग्न होऊन पार उत्तरेला, नॉर्वेत गेली होती. तिला मुलगी झाली, ती दहा महिन्यांची झाली, तरी वत्सलाबाईला, म्हणजे अंतोबाच्या बायकोला, नात अजून मांडीवर घेता आली नव्हती. म्हणून मंगलनं दोघांना महिनाभराच्या सुट्टीला बोलावलं. फोनवर तिनं बजावलं, "बाबा, इकडे थंडी फार. एकावर एक तीन कपडे घालायचे."

दुसऱ्या दिवशी व्हिसाचा फोटो काढायचा होता. नॉर्वेचंच काम ते. भर वैशाखात अंतोबा तीन सदरे, वर स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून बसला. फोटोत दोन डोळे आणि घाम तेवढा आला.

फोटोवाला म्हणाला, "काका, जे दाखवायचं ते झाकायचं नसतं."

"चुकलं बाबा. आता ध्यानात ठेवतो," अंतोबा म्हणाला.

घरी वत्सलाबाईनं मंगलसाठी लोणच्याच्या बरण्या भरल्या होत्या. विमानतळावर सामान तपासतात, असं ती बोलून गेली. तपासणार म्हणजे दाखवायचं. अंतोबानं सगळी झाकणं काढली आणि बरण्या बॅगेत आडव्या रचल्या. तेल झिरपत झिरपत नातीसाठी शिवलेल्या झबल्यापर्यंत पोचलं. वत्सलाबाई रडायचीच बाकी राहिली.

"अहो, जपून न्यायची वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची. वरून चिकटपट्टी लावायची."

"चुकलं. आता ध्यानात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात शहरात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटनं निरोप धाडला, बोटं जपा, कापू-भाजू देऊ नका. जपायची म्हटल्यावर अंतोबानं दहाही बोटं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि वरून चिकटपट्टी मारली. वत्सलाबाईनं कपाळाला हात लावला, पण सोडवत बसली असती तर एसटी चुकली असती. वाटेत तिनंच त्याला पोळी-भाजी भरवली. ठसे घेणाऱ्या बाईंना कात्री आणावी लागली.

त्या म्हणाल्या, "काका, महत्त्वाच्या कामाला येताना हात मोकळे ठेवत जा."

"चुकलं बाई. आता ध्यानात ठेवतो."

व्हिसा आला. विमान गुरुवारचं होतं, पण गुरुजींनी पंचांग पाहून चांगली वेळ मंगळवारची काढली. त्यावर उपायही सांगितला. मंगळवारी एक पिशवी शेजारी नेऊन प्रस्थान ठेवा. सामान निघालं की तुम्ही निघाल्यातच जमा. मग स्वतः मागाहून निघालात तरी चालतं. हे काम मात्र अंतोबानं चोख केलं. काही सांडलं नाही, काही फाटलं नाही. शेजाऱ्यांनीसुद्धा त्याला शाबासकी दिली.

गुरुवारी दुपारी दोघं विमानतळावर पोचली. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट पाहिले आणि परत दिले. वत्सलाबाईचे गुडघे दुखत होते, म्हणून नवं शिवलेलं झबलं पर्समध्ये जपत ती बाकावर जाऊन टेकली. बॅगा सरकत्या पट्ट्यावर चढल्या. एवढ्यात अंतोबाला आठवलं, काम महत्त्वाचं आहे. त्यानं चटकन शेवटच्या बॅगेची चेन उघडली आणि पासपोर्ट, तिकिटं सगळं आत घातलं. बॅग पडद्याआड गेली. तिच्याकडे बघता बघता त्याचा चेहरा खुलला.

बाकाजवळ येऊन तो म्हणाला, "चल घरी."

"घरी? अहो, आणि विमान?"

"सामान निघालं. म्हणजे आपणही निघालो. गुरुजींनीच सांगितलंय. आपण सावकाश जाऊ, मळ्याला पाणी द्यायचं राहिलंय."

"पासपोर्ट कुठे आहेत?"

अंतोबानं दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. "हात मोकळे ठेवलेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल मुलीला कडेवर घेऊन नॉर्वेच्या विमानतळावर गेली. तिला तीन बॅगा मिळाल्या. लोणच्याचा एक थेंबही सांडला नव्हता. त्याच सकाळी अंतोबा एकावर एक तीन कपडे घालून गावच्या एसटी स्टँडवर उतरला, आणि भेटेल त्याला सांगत सुटला, की आम्ही नॉर्वेला निघालोय.