आखडलेली दोरी

फार मागची गोष्ट. तेव्हा मोजणीची लोखंडी साखळी कुणी पाहिली नव्हती. रानं मोजायची ती अंबाडीची दोरी. शिदोजी मोजणीदाराची दोरी नेमकी वीस हात भरायची, म्हणून तिला मोठा मान.

एकदा पुरात एका गावाचे सगळे बांध वाहून गेले. ठकूचं रान दहा दोऱ्यांचं. ते मोजायची पाळी भल्या सकाळी आली. दवाच्या गवतातून ओढताना दोरी भिजली आणि आखडून हातभर कमी झाली. तिने मोजणीच्या खुंटीला हळूच सांगितलं, तर खुंटी म्हणाली, “बोलू नकोस बाई! कमी भरणारी दोरी कोण ठेवतं? उद्या म्हशीच्या गळ्यात बांधतील तुला.”

दोरी घाबरून गप्प बसली. दहावी दोरी संपली तिथे शिदोजीने खुंटी ठोकली, आणि ठकूची विहीर चार पावलं पलीकडे, शेजाऱ्याच्या रानात गेली! कडेवरचं पोर सावरत ठकू म्हणाली, “दादा, आता लेकराला पाणी कुठलं पाजू?”

दोरीला राहवेना. “मामा, चूक माझी. मी भिजून आखडलेय.”

“मग मघाशीच का नाही बोललीस?”

“तुम्ही टाकून द्याल म्हणून.”

“वेडी गं वेडी! भिजलीस तर वाळवता येतं. पण तू सांगितलंच नाहीस, तर मला कळणार कसं?”

शिदोजीने तिला उन्हात पसरलं आणि पुन्हा मोजलं. विहीर ठकूच्या रानात आली.

त्यानंतर रोज सकाळी तो आधी विचारायचा, “काय गं, भिजलीस का?” ती “हो” म्हणाली, की सगळं गाव तिच्यासोबत उन्हाची वाट बघत बसायचं.