शोरूममधलं सुतक

दसऱ्याच्या सकाळी ऊन असं तापलं होतं की भिवाआबांच्या गाडीत बसवत नव्हतं. गाडीचा एसी लागायचा स्क्रीनवरून, आणि स्क्रीन चौथ्याच वर्षी काळी ठिक्कर पडलेली. दमेकरी बायकोला दवाखान्यात न्यायचं कसं, हाच घोर. शेजारच्या गणूअण्णांना घेऊन आबांनी शोरूम गाठलं.

तिथं नव्या गाड्यांना हार घातलेले, गिऱ्हाइकं पूजेसाठी ताटकळलेली, गुरुजी नारळ घेऊन तयार. आबांची तक्रार ऐकून मॅनेजर खर्डेकर हसले. "आजोबा, स्क्रीन मेली. तिचं आयुष्यच तेवढं. आता नवी गाडी घ्या."

आबा सावकाश म्हणाले, "साहेब, गाडी देताना तुम्हीच म्हणाला होता, आजपासून आपण एकच कुटुंब."

"मग, आहोतच की!"

"तर मग घरात मयत झालंय आणि नारळ कसला फोडताय? सुतकात पूजा चालते होय?"

गुरुजींचा नारळ हातातच राहिला. "चार वर्षांत मेली?" गिऱ्हाइकं एकमेकांना विचारू लागली. नव्या गाडीत बसलेली एक बाई तर खाली उतरली. खर्डेकरांनी घाम पुसत मेकॅनिकला हाक मारली आणि फुकटात नवी स्क्रीन बसवून दिली.

परतताना गाडी गार झाली, पण गणूअण्णांचा संताप काही निवेना. ते म्हणाले, "आबा, आज दसरा होता म्हणून. एरवी यांनी तुम्हाला दारात तरी उभं केलं असतं का?"