उसना खापरपणजोबा

एका वाळवंटात एक छोटी टोळी राहत होती. तिचा मूळपुरुष रुवैश. तो राजा नव्हता की सरदार नव्हता, होता एक लंगडा उंटवाला! पाय मोडला म्हणून काफिल्याने त्याला वाळूत टाकलं आणि पुढची वाट धरली. पण गडी चिवट. एका सांडणीच्या दुधावर तगला. पुढे काफिल्यांनी टाकलेली आणखी माणसं त्याने गोळा केली. कुणी आजारी, कुणी विधवा, कुणी पोरकं. त्यांचीच ही टोळी झाली.

टोळीतली शम्माआजी ही हकिकत मोठ्या प्रेमाने सांगायची. टोळीचा प्रमुख शेख मुतलक याला मात्र या हकिकतीची भारी लाज. मोठ्या टोळ्या आपल्या वीस-वीस पिढ्या धडाधड म्हणून दाखवत, आणि आपण सांगायचं काय, तर लंगडा उंटवाला? छे!

एका वर्षी पाऊसच पडला नाही. टोळीची विहीर आटली. उंट, शेळ्या आणि लेकरं घेऊन सगळे तीन दिवस चालले, तेव्हा कुठे शेख दुहैमची विहीर लागली. दुहैमची टोळी मोठी, सरदार गालिबच्या थोरल्या मुलाच्या वंशातली. विहिरीत पाणी होतं, पण बेताचंच. शेवटी पिणाऱ्याच्या नशिबी गाळ, हे कुणालाही दिसत होतं.

दुहैमने रीतीप्रमाणे विचारलं, की बाबांनो, तुम्ही कुणाचे?

झालं! मुतलकने छाती फुगवली. आम्हीही सरदार गालिबचेच, त्याच्या धाकट्या मुलाचे, असं त्याने ठोकून दिलं. थोरल्याचं नाव घ्यायची काही त्याची छाती झाली नाही. वर वीस पिढ्यांची खोटी नावंही म्हणून दाखवली.

दुहैमने त्याला आनंदाने मिठी मारली. "म्हणजे तुम्ही घरचेच की! मग रीत तुम्हाला सांगायला नको. आधी थोरल्याच्या वंशाची माणसं-जनावरं पितील, धाकट्याच्या वंशाची शेवटी."

आणि दुहैमचे शंभर उंट विहिरीकडे निघाले. मुतलकच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची धाकटी नात कोरडी पखाल चाटत बसली होती. रडायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

शम्माआजी त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मुतलक, या उसन्या खापरपणजोबापायी पोरं मरतील रे. जा, खरं सांग."

खरं सांगितलं तर गाळही मिळणार नाही, हाकलूनच देतील, अशी मुतलकला धास्ती होती. तरी तो उठला. चारचौघांत मान खाली घालून म्हणाला, "मी खोटं बोललो. आम्ही लंगड्या रुवैशची लेकरं. काफिल्यांनी टाकलेली माणसं. तुमचे कुणीच नाही."

दुहैमच्या कपाळाला आठी पडली. मग तो पोट धरून हसला.

"अरे भल्या माणसा, हे आधी नाही का सांगायचं? घरचा माणूस थांबतो. पाहुण्याला थांबवलं तर आमच्या वाडवडिलांची मान खाली जाईल. पाहुणा आधी पितो!"

त्याने आपले उंट मागे फिरवले. आधी लेकरं प्यायली, मग शेळ्या, मग उंट. मुतलकची नात तर इतकं पाणी प्यायली की तिला उचकी लागली. त्या दिवसापासून लंगड्या रुवैशची गोष्ट मुतलक स्वतःच सांगू लागला, तीही मिशीला पीळ देऊन.

तात्पर्य: आपलं मूळ लहान असलं तरी ते ताठ मानेने सांगावं, उसन्या मोठेपणाच्या पंगतीत पान शेवटीच मांडलं जातं.