राजकुरणातले कैदी

डोंगरापल्याड एक जंगल होतं. जंगलाला राजा लागतो, म्हणून तिथे सोंडोजीराव नावाचा हत्ती राज्य करी. राजाला प्रधान लागतो, म्हणून शुभ्रनाथ नावाचा बगळा एका पायावर उभा असे. दुसरा पाय देशासाठी राखून ठेवलाय, असं तो सांगे.

त्या वर्षी दुष्काळ पडला. माळावरचं गवत वाळलं, उरलंसुरलं वणव्यात गेलं. हिरवं राहिलं ते फक्त राजकुरण. त्याला काटेरी कुंपण होतं आणि फाटकावर सांबरांचा पहारा.

भिवरा नावाच्या एका रानगवीला दूध येईना. तिचं वासरू पडून राहू लागलं. शेवटी ती दरबारात गेली.

"महाराज, थोडे दिवस फाटक उघडा. लेकरू चाललंय माझं."

सोंडोजीरावांचे डोळे पाणावले. तोंडातला घास संपवून ते म्हणाले, "बंधू-भगिनींनो, उपाशी कोण नाही? मीसुद्धा सकाळपासून दोनदाच जेवलोय. पण भुकेकडे आपण संधी म्हणून पाहिलं पाहिजे!"

तेवढ्यात भिवराचं पोट गुरगुरलं. गवीचं पोट ते, आवाज दरबारभर घुमला. मग सशाचं वाजलं, नीलगाईचं वाजलं. भाषण ऐकू येईना.

"कट आहे हा!" बगळा म्हणाला. "इतकी पोटं आपोआप वाजत नसतात. यामागे शेजारच्या जंगलाचा हात आहे."

लगेच फर्मान निघालं. चारचौघांत पोट वाजवणं हा राजद्रोह ठरला. भिवराला वासरासकट गुहेत कोंडलं.

आता झालं असं, की कैद्याला रोज पेंडीभर गवत द्यायचा जुना नियम होता. तो बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं. भिवराला पान्हा फुटला. वासरू उठलं आणि पहारेकऱ्याला ढुशा मारू लागलं.

ही बातमी जंगलात पोचली, तशी गुहेसमोर रांग लागली.

"साहेब, अटक करा. माझं वाजतंय."

"कुठे वाजतंय?" सांबर म्हणालं.

"कान लावून ऐका की!"

"आमच्या ह्यांना धरलंत, मग मलाच का सोडलंत?" एक सशीण कडाडली. "बाईमाणसाला न्याय नाही का या राज्यात?"

गुहा भरली. दुसरीही भरली. मोठ्या तुरुंगाचा शोध सुरू झाला. कुंपण, फाटक आणि पहारा तयार असलेली जागा राज्यात एकच होती. बगळ्याने तसा अहवाल दिला. महाराजांनी तो न वाचता मंजूर केला.

अशी सगळी प्रजा राजकुरणात कैद झाली आणि चरू लागली. सांबरांना कित्येक महिने पगार नव्हता. ती फाटकातून नुसती बघत राहिली. मग त्यांनी एकमेकांना अटक केली आणि आत गेली. बगळा तर पाहणीच्या नावाखाली केव्हाच आत होता.

सोंडोजीराव बाहेर एकटेच उरले. फाटकाशी येऊन म्हणाले, "अरे, आता मी राज्य कुणावर करू?"

"आधी पोटाला बघा, महाराज," भिवरा म्हणाली. "आत या. फक्त रांगेत शेवटी उभे राहा."

रांगेत उभं राहायची महाराजांना सवय नव्हती. ते डोंगर ओलांडून निघून गेले. यालाच पुढे क्रांती म्हणू लागले.

क्रांतीनंतरचं पहिलं भाषण बगळ्याने केलं. आपण पहिल्यापासून प्रजेच्याच बाजूने होतो, हे त्याने गहिवरून सांगितलं. गादीवर सांबर बसलं. सभा, मिरवणुका आणि विजययात्रा कुरणातच झाल्या, त्यात उरलेलं गवत तुडवलं गेलं. पोटं पुन्हा वाजली. सांबर गेलं, नीलगाय आली. नीलगाय गेली, रानडुक्कर आलं. प्रधान बगळाच राहिला.

भिवरा प्रत्येकाला विचारी, "गवत पेरायचं कधी?"

प्रत्येक जण म्हणे, "हे आधीच्यांचं पाप आहे, बाई."

आता निवडणूक लागली आहे. सत्ताधारी पक्षाचे दोन गट पडलेत आणि दोघांनाही 'गवताची पेंडी' हेच चिन्ह हवंय. परवा भिवरा निवडणूक कचेरीत चौकशीला गेली होती.

"साहेब, गवताचं काय झालं?"

"काळजी करू नका," अधिकारी म्हणाले. "निकाल लागेपर्यंत गवत गोठवलंय."