झोप हरवलेली सागवाडी

एका राज्यात अरण्य अफाट होतं आणि राजा उतावळा. त्याने लाकूडतोड्यांचा नाईक सुभाना याला आज्ञा केली, "दसऱ्याच्या आत अरण्यात गाव वसव."

लाकूडतोड्यांची एक रीत होती. झाड पाडण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर तीनदा ठोकायचं आणि कान लावायचा. आतून उत्तर आलं, तर ते झाड सोडून द्यायचं. घाईघाईत सुभानाने पहिल्याच सागाला विचारलं नाही. सागवाडी मात्र झपाट्याने वाढली. आधी आठ झोपड्या, मग करवतखाने, मग बाजार. पहिल्या सागाचा खांब राजाने मान म्हणून सुभानाच्याच घरात उभा करवला.

त्या दिवसापासून गावात कुणाचा डोळा लागला नाही. माणसं जांभया देत करवत ओढत, आडवी होत, आढ्याकडे बघत आणि पुन्हा उठत. सुभानाची रंगू त्याच घरात जन्मली. सात वर्षांची झाली तरी पोर एकदाही झोपली नव्हती.

"बा, झोप लागते तेव्हा दुखतं का?" तिने विचारलं, आणि सुभाना तसाच उठला.

तो अरण्यात गेला. वठल्या फांदीवर धनेश पक्षी बसला होता.

"पक्षीराज, हा शाप कुणाचा?"

"माझा. तीन कामं कर. तोडलीस तितकी रोपं लाव. डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी त्यांना घाल. आणि जिथे ठोकायचं राहिलं, तिथे ठोक."

रोपं लावण्यात पावसाळा सरला. पाणी वाहून खांदे सोलून निघाले. मग एका दुपारी सुभानाने आपल्याच घरच्या खांबावर तीनदा ठोकलं.

आतून तीनदा उत्तर आलं.

धनेशाची मादी ढोलीत शिरून दार चिखलाने लिंपून घेते. या धनेशाची मादी त्याच सागाच्या ढोलीत अडकली होती, आणि सात वर्षांहून जास्त काळ त्या अंधारात जागी होती. सुभानाने वर आढ्याकडे पाहिलं.

"खांब तोडला तर घर कोसळेल, पोरी."

"तीपण झोपली नाही ना, बा? सोड तिला."

रंगूला अंगणात बसवून त्याने घाव घातले. तो बाहेर धावला आणि छप्पर कोसळलं. धुळीतून मादी उडाली, धनेशाशेजारी बसली आणि तिने डोळे मिटले. गावातल्या करवती एकामागून एक थांबल्या. जो तो होता तिथेच झोपला. मानाचा खांब तोडल्याचा जाब विचारायला नंतर आलेला राजाही पालखीत पेंगला. पुढे त्याच्याच हुकुमाने, न विचारता झाड तोडणं त्या राज्यात बंद झालं.

रंगू बापाच्या मांडीवर कलंडली. सुभानाच्याही पापण्या जड झाल्या होत्या. पण लेक झोपल्यावर कशी दिसते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून तो आणखी थोडा वेळ जागा राहिला.